फॉरमॅट मारण्याआधी

१९ जुलै २०२४च्या शुक्रवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीने जगभरच्या ग्राहकांच्या संगणकांना एक लहानशी फाइल पाठवली. अशा फाइली ती नेहमीच पाठवते. ही मात्र सदोष निघाली आणि ७८ मिनिटांनी मागे घ्यावी लागली. तेवढ्या वेळात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज संगणक आडवे झाले होते. चालू केला की निळा पडदा, आपोआप रीस्टार्ट, परत निळा पडदा. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी काही प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले.

एवढ्या गोंधळावरची दुरुस्ती अगदी किरकोळ होती. संगणक सेफ मोडमध्ये न्यायचा, ड्रायव्हरांच्या फोल्डरात शिरून त्या कंपनीची एक फाइल पुसायची आणि रीस्टार्ट करायचे. ताप झाला तो दोन गोष्टींचा. हे काम बहुतेक ठिकाणी यंत्रापाशी बसून हाताने करावे लागत होते, आणि पुष्कळ यंत्रे त्याआधी ४८ आकड्यांची किल्ली मागत होती. पण पत्रे, हिशेब, फोटो जिथल्या तिथे होते. विंडोज फक्त त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते.

घरचा किंवा दुकानातला एकुलता एक लॅपटॉप चालू होईनासा झाला की मात्र आपण वेगळेच वागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, गावात बाजारपेठेतला मोबाइलवाला. यंत्र काउंटरवर ठेवले की पलीकडून प्रश्न येतो, ‘फॉरमॅट मारू का?’ आणि काम अडलेला माणूस ‘मारा’ म्हणून मोकळा होतो. लॅपटॉप बूट न होण्याने फायली क्वचितच जातात. जातात त्या नंतरच्या तासा-दोन तासांत, घाईने केलेल्या दुरुस्तीत. म्हणून या सगळ्या उद्योगात कौशल्यापेक्षा क्रम महत्त्वाचा आहे: आधी फायली बाहेर काढायच्या, त्या उघडतात याची खात्री करायची, आणि मगच विंडोजला हात लावायचा.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत काय घडते हे ठाऊक असेल तर बिघाड कुठे आहे ते पडद्यावरच्या मजकुरावरूनच बरेचसे कळते. सगळ्यांत आधी जागे होते ते मदरबोर्डवरच्या चिपमधले फर्मवेअर. १९८१च्या आयबीएम पीसीपासून त्याला बायॉस म्हणायची सवय आहे. आजच्या लॅपटॉपांत त्याच्या जागी यूईएफआय असते, पण दुकानात अजून बायॉसच म्हणतात आणि त्याने काही अडत नाही. फर्मवेअर रॅम, कीबोर्ड, डिस्क हजर आहेत का ते पाहते आणि मग डिस्कवरचा एक छोटा कप्पा शोधते. विंडोज स्वतः बनवते तेव्हा हा कप्पा बहुधा १०० एमबीचा असतो. काही लॅपटॉप कंपन्या २६० एमबीचा ठेवतात. एरवी तो आपल्याला दिसतही नाही. त्यात विंडोजचा बूट मॅनेजर राहतो, आणि खरे विंडोज कुठल्या पार्टिशनवर आहे ही माहिती असलेली एक फाइल. बूट मॅनेजर तिथल्या लोडरला पुढे करतो, लोडर विंडोजचा गाभा आणि डिस्क वाचण्यापुरते ड्रायव्हर मेमरीत चढवतो, गाभा रजिस्ट्री वाचतो, आणि बऱ्याच उशिराने तुमचे नाव आणि पासवर्डची चौकट येते.

या सगळ्या साखळीत ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर कुठेही नाही. अपडेट चालू असताना बॅटरी संपली, त्या १०० एमबीच्या कप्प्यातली एक फाइल खराब झाली, एखाद्या ड्रायव्हरने घोळ केला, की यंत्र बंद. पण २०० जीबीच्या तुमच्या फायलींना त्याचा वाराही लागलेला नसतो.

आता लक्षणे. पडदा ठार काळा आहे, कंपनीचा लोगोसुद्धा दिसत नाही, तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही. मामला वीज, रॅम, पडदा किंवा मदरबोर्डचा आहे. चार्जर काढून पॉवरचे बटण तीसेक सेकंद दाबून धरावे, मग फक्त चार्जर लावून पाहावे. बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडून पाहावा. अशा यंत्रात डिस्क बहुधा ठणठणीत असते, आणि फायलींच्या दृष्टीने ही सर्वांत कमी काळजीची अवस्था, दिसायला कितीही भीषण असली तरी. लोगो येतो आणि मग ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असे काहीतरी येते, तेव्हा फर्मवेअरला एक तर डिस्कच दिसत नाही किंवा डिस्क दिसते पण तो छोटा कप्पा सापडत नाही. फर्मवेअरच्या पडद्यावर जाऊन डिस्कचे नाव आणि क्षमता दिसते का हे बघितले की दोन्हींतले कोणते ते कळते. लोगोखाली ठिपके गोल फिरू लागतात आणि मग निळा (विंडोज ११च्या अलीकडच्या आवृत्त्यांत काळा) पडदा स्टॉप कोडसह येतो, तेव्हा डिस्क वाचली जात आहे आणि अडचण विंडोजच्या आत आहे. त्या पडद्यावरच्या खालच्या ओळीतला हा कोड मोबाइलने टिपून ठेवावा. तोच पुढच्या शोधाचा धागा.

कान मात्र आधी लावायचे. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कमधून ठरावीक तालात टक-टक येत असेल तर तिथेच बंद करा. वाचणारे टोक आपली जागा शोधते आहे आणि त्याला ती सापडत नाही, असा त्याचा अर्थ असतो. प्रत्येक नव्या प्रयत्नागणिक तबकडीवर ओरखडे पडण्याचा धोका वाढतो. हार्डडिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना तोडगा अजून सांगितला जातो. बाहेर काढल्यावर आत दव धरते आणि उरलीसुरली आशा संपते. घरी झाकण उघडण्याबद्दल तर बोलायलाच नको. अशी डिस्क धूळविरहित खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जायला हवी आणि त्याचे पैसे लॅपटॉपच्या किमतीच्या घरात जाऊ शकतात. त्या फायली तेवढ्या मोलाच्या आहेत का हे मालकाने ठरवायचे. एसएसडीची तऱ्हा उलटी. ती आवाज करत नाही, कुरकुर करत नाही. बहुधा एका सकाळी फर्मवेअरला दिसेनाशीच होते.

डिस्क दिसते आहे, आवाज नाही, असे धरून पुढे जाऊ. विंडोज १० आणि ११ लागोपाठ दोनदा सुरू व्हायला चुकले की पुढच्या खेपेला स्वतःहून दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर जाते. तसे गेले नाही तर लोगो दिसताच पॉवरचे बटण दाबून धरून यंत्र बंद करायचे आणि हे दोन-तीनदा करायचे. रांगडा उपाय आहे, पण चालतो. तिथे ‘ट्रबलशूट’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आहे, आणि त्याच्या शेजारीच ‘रिसेट धिस पीसी’ आहे. घाबरलेल्या माणसाला ‘रिसेट’ हा शब्द दिलासादायक वाटतो. त्याला अजून हात लावू नका. त्यात ‘कीप माय फाइल्स’ असा पर्याय आहे आणि तो बहुतेकदा शब्द पाळतो; पण तो तुमच्या युजर फोल्डरातल्या फायलींपुरता, आणि रिसेट निम्म्यावर अडकले तर आधीपेक्षा वाईट अवस्था होते. ‘स्टार्टअप रिपेअर’ एकदा चालवायला हरकत नाही. अपडेटनंतर लगेच बिघडले असेल तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ हा सर्वांत सरळ रस्ता, कित्येकदा तेवढ्यावरच भागते. चेकडिस्क ही आज्ञा मात्र सांभाळून. निरोगी डिस्कवर ती चांगले काम करते. मरायला टेकलेल्या डिस्कला मात्र तासन्‌तास राबवते आणि तुटक्या नोंदी ‘दुरुस्त’ करताना फायलींची नावे-ठिकाणे गमावू शकते. फायली बाहेर निघाल्यावर खुशाल चालवा.

याच पडद्यावर एक गंमत लपलेली आहे. ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून नोटपॅड असे इंग्रजीत टाइप केले की नोटपॅड उघडते. त्याच्या फाइल मेन्यूतले ‘ओपन’ निवडायचे आणि खाली ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’च्या जागी ‘ऑल फाइल्स’ करायचे. ही ओपनची खिडकी म्हणजे छोटा फाइल एक्सप्लोररच असतो. फोल्डरावर राइट क्लिक, कॉपी, मग पेनड्राइव्हवर जाऊन पेस्ट. प्रगतीची पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी होते, आणि आपण कंटाळून बंद करतो. तसे करायचे नाही, पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकतो आहे तोवर थांबायचे. इथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात. सी म्हणून जे दिसते ते तुमचे सी नसेल. ‘युजर्स’ फोल्डर ज्यात आहे तो ड्राइव्ह आपला. एक्स नावाचा ड्राइव्ह दिसेल तो मेमरीत तात्पुरता उभारलेला असतो, तिथे काही ठेवले तर रीस्टार्टबरोबर गेले. आणखी एक अडचण पेनड्राइव्हचीच असते. तो फॅट-३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावत नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. आउटलुकची जुनी मेलपेटी किंवा लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथेच अडतो. पेनड्राइव्ह आधीच एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्यावा.

नोटपॅडची युक्ती चार फोल्डरांसाठी ठीक. सगळे काढायचे असेल तर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह हा माझ्या मते आजही सर्वांत चांगला मार्ग. डिस्कवर काहीही न टाकता अख्खी प्रणाली बाहेरून चालवायची ही कल्पना २००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नोपर यांनी नॉपिक्स नावाच्या सीडीने लोकांच्या हाती दिली आणि दुरुस्तीवाल्यांनी ती उचलून धरली. आता सीडीच्या जागी पेनड्राइव्ह आणि नॉपिक्सच्या जागी बहुधा उबुंटू किंवा लिनक्स मिंट. दुसऱ्या, चालू संगणकावर त्याची आयएसओ फाइल उतरवायची, रूफस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर चढवायची. पेनड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते, त्यामुळे तो रिकामाच घ्यावा. मग बिघडलेल्या लॅपटॉपला तो लावून चालू करताना बूट मेन्यूची की दाबायची: डेल आणि लेनोव्होमध्ये बहुधा एफ-१२, एचपीत एफ-९, आसुसमध्ये एस्केप. ‘ट्राय’ निवडायचे, ‘इन्स्टॉल’ नाही. हा एक शब्द चुकला आणि पुढच्या दोन-तीन चौकटींवर डोळे मिटून क्लिक केले तर ज्या फायली वाचवायला आलो त्यांच्यावरच लिनक्स बसते.

डेस्कटॉप आला की विंडोजचा ड्राइव्ह फोल्डरांसारखा उघडतो, आणि बाहेरच्या हार्डडिस्कवर ओढून टाकायचे एवढेच काम उरते. काही वेळा ड्राइव्ह फक्त वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही, असे सांगितले जाते. विंडोज ८पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपचा हा परिणाम: ‘शट डाउन’ केले तरी विंडोज अर्धवट झोपलेले असते आणि लिनक्स त्याच्या डिस्कवर लिहायला नकार देते. आपल्याला लिहायचेच नाही, तेव्हा हे उलट बरे. डिस्क मुळीच दिसत नसेल आणि फर्मवेअरमध्ये मात्र दिसत असेल, तर बहुतेक इंटेलच्या आरएसटी किंवा व्हीएमडी या व्यवस्थेमागे ती लपलेली असते. फर्मवेअरमध्ये ती बंद करून फायली काढता येतात. पण जुने विंडोज वाचवायचे असेल तर काम झाल्यावर आठवणीने पूर्ववत करायचे, नाहीतर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हा नवा निळा पडदा वाट पाहत असतो.

इथवरचे सारे डिस्क उघडी आहे असे धरून सांगितले. दहा वर्षांपूर्वी ते बहुतेक घरांत खरे होते. आता तसे राहिलेले नाही, आणि फाइल वाचवण्याच्या विद्येत गेल्या काही वर्षांत झालेला सर्वांत मोठा बदल हाच आहे. बिटलॉकर हे डिस्क कुलूपबंद करणारे तंत्र २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाबरोबर आले, पण ते महागड्या आवृत्त्यांपुरते होते. पुढे त्याचेच ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ हे साधे रूप घरगुती आवृत्तीतही आले. विंडोज ११ची २४एच२ ही आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की ते आपोआप सुरू होते. कोणी विचारत नाही, काही सांगतही नाही. रोजच्या वापरात मदरबोर्डवरची टीपीएम चिप गुपचूप कुलूप उघडत राहते, म्हणून त्याचा पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो मदरबोर्ड बदलला, फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट बंद केले किंवा डिस्क काढून दुसरीकडे लावली, की. तेव्हा चिप नकार देते आणि पडदा रिकव्हरी की मागतो: सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकूण ४८ आकडे. १९ जुलैला कंपन्यांच्या आयटी विभागांनी असेच आकडे एकेका यंत्रावर वाचून टाइप केले.

ही किल्ली नसेल तर फायली नाहीत. यातून पळवाट नाही, आणि ‘दोन हजारात काढून देतो’ म्हणणाऱ्या माणसाला एक तर बिटलॉकर समजलेले नाही किंवा तुमचे दोन हजार समजले आहेत. किल्ली बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने यंत्र पहिल्यांदा सुरू केले त्या खात्यात जमा असते. मोबाइलवरून त्या खात्यात लॉगिन करून यंत्रांच्या यादीत ती दिसते; पडद्यावर दाखवलेल्या की आयडीची पहिली आठ अक्षरे तिथल्या नोंदीशी जुळवून घ्यायची. ऑफिसने दिलेला लॅपटॉप असेल तर ऑफिसच्या आयटीकडे.

खरी मेख ‘पहिल्यांदा सुरू केले’ यात आहे. लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातल्या पोराने सेटअप पुरा करायला स्वतःचे किंवा दुकानाचे खाते टाकले असेल, तर किल्ली त्याच्या खात्यात. कॉलेजच्या मेलवर सुरू केला असेल आणि शिक्षण संपून ते खाते बंद झाले असेल, तर किल्ली त्याच्याबरोबर गेली. आज ज्याचा लॅपटॉप नीट चालतो आहे त्याने सेटिंग्जमध्ये जाऊन एवढे एक बघून ठेवावे: एन्क्रिप्शन चालू आहे का, आणि किल्ली कुठे आहे. किल्ली हाती असेल तर मग फारशी अडचण नाही. दुरुस्तीच्या पडद्यावर ती टाकली की ड्राइव्ह उघडतो, आणि उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्याही हे कुलूप ओळखतात आणि तोच आकडा मागतात.

लॅपटॉपच मेलेला असेल तर डिस्क बाहेर काढायची. अडीच इंची डिस्कला साधे यूएसबी केसिंग मिळते, काही शेकड्यांत. एम-२ पट्टीच्या डिस्कला तिचे केसिंग लागते आणि तिथे साटा की एनव्हीएमई हे पाहून घ्यायला हवे. दिसायला दोन्ही जवळपास सारख्या, आणि एकीच्या केसिंगमध्ये दुसरी चालत नाही. स्वस्त, छोट्या लॅपटॉपांत मात्र साठवण मदरबोर्डलाच डाखलेली असते. तिथे बोर्ड जिवंत करण्यावाचून मार्ग नाही.

डिस्क दिसते पण कॉपी करताना दर थोड्या वेळाने अडकते, हा आजारीपणाचा नमुना. अशा डिस्कवरून फायली एकेक ओढत बसू नये. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाची आज्ञा आहे. ती आख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घेते. चांगला भाग आधी वाचते, खराब जागा सोडून पुढे जाते, नंतर त्यांच्याकडे परत येते, आणि कुठवर काम झाले याची नोंद ठेवते, म्हणजे मध्ये वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नको. मग काय शोधायचे ते प्रतीत शोधायचे. मूळ डिस्कला विश्रांती.

आणि ज्याने आधीच फॉरमॅट मारून घेतला आहे त्याचे काय? इथे जुन्या हार्डडिस्कला आणि एसएसडीला एकच न्याय लागत नाही. हार्डडिस्कवरचा क्विक फॉरमॅट म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद खोडण्यासारखे. जमीन तिथेच असते, तिच्यावर दुसऱ्याने बांधकाम करेपर्यंत. म्हणून फोटोरेकसारखी मोफत साधने नोंदीकडे न बघता थेट डिस्क चाळतात आणि फोटो, कागदपत्रे हुडकून आणतात, बहुधा मूळ नावांशिवाय. एसएसडीवर मात्र ट्रिम नावाची व्यवस्था असते. पुसलेल्या किंवा फॉरमॅट केलेल्या जागा मोकळ्या झाल्या असे विंडोज डिस्कला कळवते आणि डिस्क आपल्या सवडीने त्या खरोखरच रिकाम्या करते, कित्येकदा काही मिनिटांत. तिथे फोटोरेकला शून्य सापडतात. आजचे बहुतेक लॅपटॉप एसएसडीचे आहेत. ‘फॉरमॅटनंतरही डेटा काढता येतो’ हा जुना भरवसा आता धरू नये.

काय काय उचलायचे, यातही माणसे फसतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळे जण घेतात. डेस्कटॉप कधी कधी वनड्राइव्हच्या फोल्डरात सरकलेला असतो, तोही पाहावा. त्यातल्या काही फायली केवळ नावापुरत्या डिस्कवर असतात, खऱ्या ऑनलाइन. पण टॅलीचा डेटा ‘पब्लिक’ नावाच्या फोल्डरात असतो, किंवा जुन्या आवृत्त्यांत थेट सी ड्राइव्हवर, आणि तो विसरून फॉरमॅट मारल्याने मार्चअखेरीस झालेल्या रडारडी कुठल्याही सीएला विचारा. ॲपडेटा हा लपलेला फोल्डर. त्यात आउटलुकच्या काही फायली, स्टिकी नोट्सवरच्या चिठ्ठ्या आणि क्रोमचे प्रोफाइल असते. क्रोमचे बुकमार्क त्यातून परत येतात. साठवलेले पासवर्ड येत नाहीत, कारण ते जुन्या विंडोज लॉगिनशी बांधून कूटबद्ध केलेले असतात. गूगल खात्यात सिंक केले असतील तरच वाचतात.

मराठीत काम करणाऱ्यांनी यात आणखी एक फोल्डर घ्यावा, विंडोजमधला ‘फॉण्ट्स’. युनिकोड रुळण्याआधी, आणि छापखान्यांत तर अजूनही, श्रीलिपी, आकृती, सीडॅकच्या आयएसएमसारख्या पॅकेजांमध्ये टाइप केलेल्या फायलींत मराठी अक्षरे नसतात. असतात ती रोमन अक्षरांच्या जागा अडवणारी चिन्हे, आणि त्यांना मराठीचे रूप देतो तो विशिष्ट फॉण्ट. नव्या विंडोजमध्ये तो नसला की आजोबांच्या आठवणी, मंडळाची स्मरणिका, वीस वर्षांची दिवाळी अंकाची पाने, सगळे, फाइल सुखरूप असूनही, पडद्यावर कचरा दिसते. माणूस समजतो फाइल करप्ट झाली, आणि पुसून टाकतो. फॉण्ट जपला तर ती वाचता येते, युनिकोडमध्येही नेता येते. ज्या पॅकेजांना हार्डवेअर लॉक लागते त्यांचा तो डोंगल आणि मूळ सीडी जपून ठेवण्याबद्दल तर काय सांगावे.

कॉपी झाली की ती दुसऱ्या संगणकावर उघडून बघायची. पाच-दहा फोटो, एखादी मोठी एक्सेल, टॅलीची कंपनी. नुसती नावे दिसणे पुरेसे नाही.

त्यानंतरचे काम, म्हणजे खुद्द विंडोज टाकणे, आता सर्वांत सोपे झाले आहे आणि त्यासाठी दुकानात जायची गरज मला तरी दिसत नाही. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल घ्यायचे, निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लावायचा, तासाभरात इन्स्टॉलर तयार. लॅपटॉप विंडोजसह विकत घेतला असेल तर त्याचा परवाना फर्मवेअरमध्येच कोरलेला असतो. की विचारली तर ‘माझ्याकडे नाही’ हे निवडून पुढे जायचे, इंटरनेट मिळाले की ॲक्टिव्हेशन आपोआप होते. अट एवढीच की होमला होम, प्रोला प्रो. स्वतःच्या पैशांनी विकत घेतलेला परवाना असा यंत्रात झोपलेला असताना त्याच्यावर क्रॅक मारलेले ‘लाइफटाइम’ विंडोज टाकून पाचशे रुपये घेतले जातात, हे आपल्या बाजारपेठेतले एक विनोदी वास्तव आहे. त्या क्रॅकबरोबर अँटिव्हायरस बंद केलेला असतो, तो भाग विनोदी नाही.

इन्स्टॉलर पार्टिशनांची यादी दाखवतो तिथे थांबून वाचायचे. बाहेरची हार्डडिस्क, ज्यावर आत्ताच सगळे उतरवले, ती या वेळी जोडलेली असता कामा नये. जुन्या विंडोजच्याच पार्टिशनवर फॉरमॅट न करता टाकले तर आधीचे सारे ‘विंडोज ओल्ड’ नावाच्या फोल्डरात सरकवले जाते. विसरलेली फाइल तिथून काढता येते, पण साधारण १० दिवसांनी विंडोज तो फोल्डर स्वतःहून साफ करते. स्वच्छ सुरुवात हवी असेल तर त्या डिस्कवरची सगळी पार्टिशने काढून मोकळ्या जागेवर टाकावे. डी ड्राइव्ह त्याच डिस्कवर असेल तर तोही जातो हे लक्षात ठेवून. यादीच रिकामी दिसली तर इंटेलच्या त्याच व्हीएमडीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. वायफायचा ड्रायव्हर नसल्याने सेटअप अडला तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करावे, बहुधा चालते.

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा नवे टाकताना ११च टाकावे असे वाटणार. ११ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर हवा. त्याआधीच्या यंत्रावर आडमार्गाने ११ बसवता येते, पण मायक्रोसॉफ्ट तिथे पुढच्या अपडेटची हमी देत नाही. अशा लॅपटॉपवर केवळ ब्राउझर, मेल आणि लिखाण होत असेल तर ज्या लिनक्स मिंटच्या पेनड्राइव्हने फायली काढल्या तेच कायमचे टाकून बघायला काय हरकत आहे? मराठी युनिकोड टायपिंग तिथे इनस्क्रिप्टने व्यवस्थित होते. टॅली आणि श्रीलिपीवाल्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

सेटअपच्या वेळी खाते स्वतःचे टाका, बाजूला कितीही तत्पर भाचा बसलेला असो. ड्रायव्हर आणि अपडेट झाल्यावर आधी फॉण्ट परत घालायचे, मग प्रोग्राम, मग फायली. आणि रिकव्हरी की पुन्हा कागदावर उतरवून घ्यायची, कारण विंडोज नव्याने टाकून डिस्क पुन्हा कुलूपबंद झाली की किल्लीही नवी तयार होते. आधीच्या कागदावरचे ४८ आकडे आता या डिस्कला लागत नाहीत.